बाहेरगावी गेलेल्या बायका

रविवारी सकाळी शिलाई मशीन धडधडत होतं आणि सुईखाली कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. धाकटी सून नुसतीच पायडल मारत होती. आतल्या खोलीत नणंदेला खोकल्याची उबळ आली होती आणि दारात दूधवाला उभा होता.

"मार, थांबू नकोस," सासूबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या आणि लगेच दाराकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "थोडं कमीच घाल रे बाबा. पोरगी बाहेरगावी गेलीय ना, मावशीकडे."

त्या गल्लीत बाई खोकायला लागली की बाहेरगावी जायची. पुरुषाचा खोकला विडीचा ठसका म्हणून खपून जाई. बाईचा खोकला मात्र घराण्याचा कलंक. मग तिला आतल्या खोलीत ढकलायचं, खिडकीला फळी ठोकायची आणि जगाला सांगायचं, बाहेरगावी गेलीय. शेवटच्या खोलीतली बटणं लावणारी बाई अशीच गेली होती. ती परत आली ती चौघांच्या खांद्यावर.

तिच्यानंतर गल्लीतल्या बायका पेटून उठल्या. कोणी साहेब आला नाही, कोणी भाषण दिलं नाही. इस्त्रीवाल्या काकूंनी पदर खोचला, चार जणी गोळा केल्या, तुंबलेली गटारं उपसून घेतली, अंधाऱ्या खोल्यांना झरोके पाडायला लावले. दर रविवारी त्या दारोदार जात, कोणाला खोकला आहे का विचारत आणि असला तर हाताला धरून दवाखान्यात नेत. त्यांत सर्वांत उत्साही आमची धाकटी. थोरली जाऊ कधीच वेगळी झाली होती, तरी गल्लीला ही धाकटीच.

या बायकांनी एकच चूक केली. घरच्यांनी 'बाहेरगावी' म्हटलं की मागे फिरायचं, असं ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसायचं! बस्स, त्यांच्या सभ्यपणाआड रोग सुखानं नांदू लागला. धाकटीच्या घरी तर काकूंनी कधी विचारलंही नाही.

दूधवाला गेला. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. कोंदट वास तोंडावर आला. नणंद भिंतीला टेकून बसली होती. एकदा तोंड उघडलं की बंद व्हायचं नाही म्हणून गल्लीनं तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. आता दोन वाक्यांत तिला धाप लागे.

"वहिनी, बाहेरगावची हवा काही मानवत नाही गं मला," ती हसली आणि हसता हसता खोकली. तोंडावरचा टॉवेल तिनं पटकन घडी करून मांडीखाली सरकवला. धाकटीनं तो ओढून काढला. टॉवेलवर रक्त होतं.

ती तशीच सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, हे बघा. आज तरी नेऊ या. गोळ्या घेतल्या की बरा होतो हा रोग."

"लग्न तोंडावर आलंय. एकदा सासरी गेली की तिथं घेईल गोळ्या."

"सासरी पोचेल तरी का ती?"

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" सासूबाईंचा आवाज फाटला. "माझ्या सख्ख्या बहिणीला याच खोकल्यापायी सासरच्यांनी दारात आणून टाकलं होतं. कुत्रंसुद्धा जवळ गेलं नाही तिच्या. माझ्या पोरीचं तसं होऊ देणार नाही मी!"

खुर्चीतून नवरा म्हणाला, "हे बघ, बाहेर एक शब्द गेला तर तू या घरात नाहीस. तुझी समाजसेवा गल्लीत कर."

धाकटीच्या माहेरी भावजयीचं राज्य. जायचं कुठं? तेवढ्यात बाहेरून काकूंची हाक आली, "धाकटे, निघतेस ना गं?" पदराला हात पुसत ती निघाली. घरी खोकला झाकायचा आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन खोकला शोधायचा. स्वतःचीच लाज वाटत होती.

तिसरंच घर रंगाऱ्याचं. तो दार अडवून उभा राहिला.

"बायको कुठाय रे?" काकूंनी विचारलं.

"बाहेरगावी."

काकू सवयीनं वळल्या. पण धाकटी हलेना. आत मोरीतला नळ धो धो सुटला होता. बादली भरून वाहत होती आणि बंद करायला कोणी जात नव्हतं. पाण्याला जपणाऱ्या त्या गल्लीत! काय झाकलं जातंय ते तिला पायाच्या तळव्यापर्यंत कळलं.

"नळ बंद करा," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"आत कोणीतरी खोकतंय."

रंगारी छद्मी हसला. "वा गं शहाणे! आधी तुझ्या घरचं मशीन बंद कर. रोज दिवसभर शिवतेस, तुझ्या हातचं झबलं तरी पाहिलंय का कोणी?"

धाकटीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली.

"तुम्हाला माहीत होतं, काकू?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे, बाई," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुझं घर मोडेल म्हणून गप्प बसलो."

म्हणजे लपलेलं काहीच नव्हतं! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे मिळून एका पोरीला गुदमरू देत होते. अब्रू म्हणतात ती हीच.

धाकटी उलट्या पावली घरी आली. मागोमाग बायका. ती थेट आत गेली आणि नणंदेच्या काखेत हात घातला.

"ऊठ. दवाखान्यात जायचंय."

सासूबाई आडव्या आल्या. "लग्न मोडेल गं तिचं!"

"मोडू दे, आई," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, पण उंबऱ्याबाहेर ऐकू गेला. "मला जगायचंय."

सासूबाईंचे हात खाली आले. काकूंनी खुर्ची मागितली, आणि चार बायकांनी त्या पोरीला खुर्चीवर बसवून भर उजेडात गल्लीतून नेलं. दारादारात माणसं उभी होती. कोणी जवळ आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. एक फुप्फुस बरंच खाल्लंय, औषध दीर्घकाळ चालेल, खात्री आत्ताच देत नाही. संध्याकाळपर्यंत लग्न मोडल्याचा निरोप आला. सासूबाईंनी अन्नाला हात लावला नाही. नवऱ्यानं बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी काकूंची हाक आली तेव्हा नवरा दारात आडवा आला.

"आमच्या घराचं वाटोळं करून पोट भरलं नाही का? आज पाऊल बाहेर टाकलंस तर परत येऊ नकोस."

धाकटी थांबली. मागं सासूबाई पोरीला गोळी देत होत्या. त्या 'जा'ही म्हणाल्या नाहीत आणि 'थांब'ही म्हणाल्या नाहीत. पुढं नवऱ्याचा आडवा हात. दार होतं तेवढंच अरुंद होतं.

पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळून रेडिओनं खाटेवरून हाक मारली.

"वहिनी, जा तू. रंगाऱ्याची बायको अजून आत बसलीय."

धाकटीनं नवऱ्याचा हात बाजूला सारला आणि ती उंबरा ओलांडून गेली.