शेवटच्या खांबामागची जागा

देविदासनं आपल्या हातानं चहा आणून दिला, तेव्हाच चांगुणाच्या मनात पाल चुकचुकली. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याच्या जागी तिला हिंगोलीच्या कचेरीत नोकरी लागली, घर तिच्याच पगारावर चाले. पण डोंगरकडा गावच्या त्या घरात दिरानं तिला चहा कधी विचारला नव्हता. सणासुदीला सासू भागूबाई तिला आतल्या खोलीत बसवी. सप्त्याच्या कीर्तनातही तिची जागा ठरलेली होती, शेवटच्या खांबामागं. तरी तिला कीर्तनाची भारी ओढ. बुक्का लावणारा तेवढा तिचं कपाळ वगळत नसे.

आठवड्यानं कचेरीत बँकेचं बिल आलं. मागं एका एजंटानं क्रेडिट कार्डासाठी सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. कार्ड घरच्या पत्त्यावर यायचं होतं, बिल कचेरीच्या. ते आलंच नाही, असं ती समजत होती. बँकेच्या साहेबांनी दुकानाच्या पावत्या मागवून दाखवल्या. हिरवा शालू, सोन्याचे झुबे. खाली ‘चांगुणा’ अशी सही, जाऊ शिलाच्या गोल अक्षरात. झुबे तर परवाच शिलाच्या कानात डुलत होते.

घरी तिनं विचारलं. देविदास चिडला नाही, हेच वाईट होतं. अडकित्त्यानं सुपारी कातरत तो शांतपणे म्हणाला, "वैनी, दर म्हैन्याला थोडं थोडं भरून टाका. तुमाला कशाचा खर्च हाय? ना कुकू, ना बांगडी." मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्या लेकीकडं, रुपाकडं बघून हसला. "तक्रारच करायची असंल तर लेकराला घेऊन कुठं जाल, ते बी ठरवून ठिवा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला सोपी वाट दाखवली. मी विधवा आहे, असली वस्त्रं-दागिने घेऊच शकत नाही, एवढं अर्जात लिहा; घरातल्या कुणाचं नाव यायला नको. माणूस भला होता. चांगुणानं पेन हातात घेतलं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "वाटलं असतं तर घेतलं असतं, माज्या कमाईचं हाय. मी घेतलं न्हाई, एवढंच खरं. अन् सही माज्या जावंची हाय, ते बी लिवते."

संध्याकाळी ती परतली, तर तक्रारीची बातमी तिच्या आधीच घरी पोचलेली. दाराला आतून कडी. ओट्यावर तिची पेटी, पेटीवर रुपा. आत भांडी वाजत होती, म्हणजे माणसं होती. सप्त्याला निघालेले शेजारी माना खाली घालून समोरून गेले.

"आई, आता कुठं जायाचं?"

"कीर्तनाला."

मंडपात ती खांबाशी थांबली नाही. पेटी उचलून सरळ सवाष्णींच्या पहिल्या ओळीत गेली आणि रुपाला घेऊन बसली. टाळ थबकले. समोर बुवांनी नुकतंच सांगितलं होतं, की देवाच्या दारात सगळी लेकरं सारखी.

शेजारच्या बायका सरकल्या. जागा द्यायला सरकल्या, की दूर व्हायला, ते ज्याचं त्यानं आपल्या मनाला विचारावं.