हात लागलेला मोहरा

माझे आठवड्याचे दोन तास कापून चौथीला बुद्धिबळ हा विषय दिला, तेव्हा मी मुख्याध्यापिकाबाईंशी कडाकडा भांडले. गाण्याने काय पोरं बिघडतात? बाई म्हणाल्या, वर्षभर करून बघू, कायमचा ठेवायचा का ते मग सगळे शिक्षक मिळून ठरवू. म्हटलं, बघा काय बघायचंय ते.

बुद्धिबळाचे सर म्हणजे अगदी काडीपैलवान, बोलणं नाकातल्या नाकात. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक नियम लिहिला. ज्या मोहऱ्याला हात लागला, तो हलवायचाच. म्हणून विचार पुरा होईपर्यंत हात मांडीवर.

दोनेक महिन्यांत चौथीचा वर्ग चिडीचूप झाला. मधल्या सुट्टीत ढकलाढकली नाही, कोणी कोणाची वेणी ओढत नाही. डबा उघडायच्या आधीसुद्धा पोरं त्याच्याकडे टक लावून बसायची. शिक्षकखोलीत सगळे खूश. मला मात्र त्या वर्गावरून जाताना अंगावर काटा यायचा. चाळीस पोरं, सगळ्यांचे हात मांडीवर, आणि बघायची अशी, की मी पटावरच्या कुठल्या घरात उभी आहे ते मोजतायत.

त्याच वर्गात माझी लेक. आधी इतकी चिकट, की स्वयंपाक करतानाही कमरेला मिठी सोडायची नाही. आता झोपतानासुद्धा मधे हातभर अंतर. जवळ घ्यायला गेले की अंग चोरून बाजूला व्हायची. नवरा नुकताच बदली होऊन लांबच्या शहरात गेलेला. घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली एक अशी. मला रडूच फुटायचं.

शेवटी तिला सरळ विचारलं, माझा राग आलाय का? म्हणाली, नाही. जेवताना बाबांच्या खांद्याला तिचा चुकून हात लागला होता, आणि दुसऱ्याच दिवशी बदलीचं पत्र आलं. बाकावरच्या मैत्रिणीलाही असाच लागला. तिच्या घरची माणसं आठवड्याभरात तिला घेऊन गाव सोडून गेली. मी तिला वेड्यात काढलं. बदल्या काय, होतातच. पण पत्राची तारीख काही माझ्या डोक्यातून जाईना.

वर्ष संपत आलं, सभा ठरली. मी विरोधात बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, निम्मे शिक्षक माझ्या बाजूचे. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाण्याच्या खोलीच्या खिडक्या लावत होते. लेक दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे व्हरांड्यात अख्खी चौथी, रांगेत, हात अंगाशी.

"उद्या तू हा विषय नको म्हणणार ना, आई?"

मी म्हटलं, हो, ठणकावून म्हणणार. मला माझी पोर परत हवीय.

तिचे डोळे भरले.

"मी खूप विचार केला, आई. दुसरी चालच नाहीये."

आणि तिने हात पुढे केला.

इतके महिने मी त्या हातासाठी तळमळत होते. तो माझ्या कोपरापाशी आला आणि मी मागे सरले. एक पाऊल, मग आणखी एक. पाठ भिंतीला टेकली. ती तशीच हात पुढे करून रडत उभी, आणि मी पोटच्या पोरीला सांगत होते, "हात लावू नकोस मला."