पदराखालचा ब्लाउज

आमच्या धुळ्यात टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं आणि शेजारच्या कुंदनची मुलगी मेघा त्यात कपड्यांच्या खात्यात आहे, म्हणून मला बोलावणं आलं. नाहीतर ऐंशीच्या बाईला कोण विचारतं! मालिका म्हणे बासष्ट सालची. मेघाने मोबाइलवर नटीचे फोटो दाखवले. चमचम साड्या, पाठ उघडी, गोंडे लोंबताहेत.

"अगं बाई, हे बासष्ट सालचं नाही, परवाच्या लग्नातलं आहे," म्हटलं. "त्या वेळी फॅशन होती, पण अशी भडक नव्हती. तेव्हाच्या बायकांना नेटकं दिसायची हौस होती."

"मग तुम्हीच दाखवा ना, अक्का."

मी पेटी उघडली. तळाशी माझा ब्लाउज होता. मोतिया रंगाचं पॉपलिन, बाही कोपराच्या वर दोन बोटं, गळा खांद्यापर्यंत पसरट, पाठीवर सहा कापडी बटणं. बोदवडला मामाच्या मशीनवर मासिकातलं चित्र बघून मी स्वतः शिवलेला. लग्न होऊन धुळ्याला आले आणि तो पदराखाली गेला तो गेलाच. मेघाच्या हातात देताना मी तिला साफ सांगितलं, "नटीला हाच घाल. एकदा तरी लोकांना बघू दे. मेल्यावर बघून काय उपयोग?" मेघा हसली. मला काही हसू आलं नाही. खरंच इतकंच हवं होतं मला.

शूटिंग आमच्याच गल्लीतल्या एका माडीच्या घरात होतं. नटी बारीक चणीची, म्हणून मी दोन्ही बाजूंना हाताने टाके घालून ब्लाउज तिच्या अंगाबरोबर केला. पोरगी आरशासमोर उभी राहिली. मी अठराची असताना अशी दिसले असेन का, देव जाणे.

प्रसंग होता सून सासऱ्याला चहा देते तो. पदराच्या निऱ्या खांद्यावर पिनेने नीट बसवलेल्या, त्यामुळे गळा, बाही, सगळं लख्ख दिसत होतं. सहा बटणं तर कॅमेऱ्यात मोजता आली असती. दिग्दर्शक हसीब, मूळचा आमच्या धुळ्याचाच पोरगा, खूश होऊन माझ्याकडे वळला.

"अक्का, बरोबर आहे ना हे?"

आता काय सांगू? हो म्हटलं असतं तर ब्लाउज घराघरांत दिसला असता. कोणाला काय कळणार होतं? त्या काळातली माणसं राहिली किती! पण माझी जीभ मेली खोट्याला वळायची नाही.

"नाही," म्हटलं. "सासऱ्यासमोर अशी गेली असती तर दुसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडलं असतं."

मी उठले. तिची पिन काढली. पदर डोक्यावरून घेतला, उजव्या खांद्यावरून पुढे आणला आणि टोक तिच्या मुठीत दिलं. गळा गेला, बाह्या गेल्या, पाठ गेली. कप धरलेला तेवढा हात राहिला. हसीब ओरडला, "वा! हेच पाहिजे होतं!" मेघा माझ्याकडे बघत राहिली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय! मी खुर्चीत येऊन बसले, डोळे भरून आले होते, पण चष्मा पुसायचं निमित्त केलं.

चहाच्या सुट्टीत हसीब शेजारी येऊन बसला. "अक्का, एक विचारू? सगळं पदराखालीच, तर बायका एवढं नटायच्या कोणासाठी?"

"कोणासाठी नाही," मी फटकारलं. मग मलाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

"दुपारी पुरुष दुकानावर जायचे, सासूबाई आडव्या व्हायच्या," मी म्हटलं. "मग स्वयंपाकघरात मी आणि माझी मोठी जाऊ यशोदाबाई. चुलीची धग, त्यामुळे पदर कंबरेला. तिने हा ब्लाउज बघितला आणि राख लागलेला हात आधी धुतला, मग बटणांना लावला. अहिराणीत म्हणाली, 'बेबा, तू ते सिनेमानी बाई दिखी ऱ्हायनी.' सिनेमातली बाई म्हणे मी! तेवढं एकच माणूस. तिनेच बघितला."

हसीब ताडकन उठला. "हाच सीन करू! दोन जावा, दुपार, स्वयंपाकघर. ब्लाउज पूर्ण दिसेल, अक्का!"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मेघा वही घेऊन धावत आली. "अक्का, मग जावेला कोणता ब्लाउज देऊ? साधाच ना?"

मी हातातला कप खाली ठेवला. यशोदाबाईने त्या दुपारी आणखी एक म्हटलं होतं. मलाही अस्सा शिवून दे. आणि मी म्हटलं, तसलं कापड संपलं. कापड होतं. पेटीत घडी करून होतं. सगळ्यांनी घातला तर माझ्यात वेगळं काय उरलं, एवढाच माझा हिशेब. पुढच्या वर्षी ती बाळंतपणात गेली, जाड्याभरड्या चोळीतच. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या मुलांनाही नाही.

"साधा नाही," मी मेघाला म्हटलं. "याच्यासारखाच. तेच कापड अजून पेटीत आहे. मी शिवते, दोन दिवस लागतील."

"अक्का, शूटिंग दोन दिवस थांबत नसतं हो," हसीब म्हणाला.

"थांबव," म्हटलं. "साठ वर्षं राहिलंय ते काम. दोन दिवसांनी काय मरतोस?"