आर्लनचा मोकळा खिळा

ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं खालचं टोक, कापायचं आणि कॅम्पच्या भिंतीवर टांगायचं, हा त्या शिकारीच्या कॅम्पचा कायदा. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला असे कॅम्प बरेच, आणि कायदा सगळीकडे हाच. इतर ठिकाणी निदान वशिला चालतो. इथे तोही चालत नसे, कारण कात्री आर्लन झास्ट्रोच्या हातात होती.

कात्री मेंढ्यांची लोकर कापायची, आर्लनच्या बापाची. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा एक खिळा. मेहुणा रॉली कुफाल याच्या खिळ्यावर इतक्या चिंध्या लोंबत होत्या की त्यातून एक गोधडी झाली असती. शेजारचा फिनलंडकडचा म्हातारा वेनो, याच्या खिळ्यावर एक फुलाफुलांचीही होती. घाईत बायकोचा शर्ट चढवला गेला, असं तो सांगे आणि पुढचं कोणी विचारत नसे. फक्त आर्लनचा खिळा मोकळा. तो पहिल्यांदा शिकारीला आला त्या वर्षी बापाने स्वतः ठोकलेला. ‘लागेल कधीतरी,’ असं बाप म्हणाला होता. अजून लागला नव्हता, आणि आर्लनची गावातली सगळी पत त्या मोकळ्या खिळ्यावर टांगलेली होती.

म्हणूनच बाणाला कुठलं पातं लावावं हे लोक आर्लनला विचारत. आणि आर्लन सांगे, न विचारणाऱ्यांनाही सांगे. त्याच्या मते जगात दोनच प्रकारची पाती होती. एक, बाणाच्या टोकाला पक्कं बसवलेलं, कानशीने घासून धार दिलेलं, हलणार नाही की डुलणार नाही असं. आणि दुसरं ते नव्या जमान्याचं, उडताना पंख मिटून घेणारं आणि हरणाला लागल्यावर उघडणारं. ते दुसरं ज्यांना धार लावता येत नाही त्यांच्यासाठी. रॉली ती उघडणारी वापरायचा. मागच्या साली त्याचं पातं एका डहाळीला घासून हवेतच उघडलं, बाण भरकटला आणि गोधडीत भर पडली. तेव्हापासून आर्लनने वर्षभर त्याला सोडलं नाही.

“रॉली, तुझं पातं म्हणजे छत्री आहे,” तो दर शुक्रवारी मासे खाताना सगळ्यांसमोर म्हणायचा. “नको तेव्हा उघडते.”

क्रॉसबोबद्दल, म्हणजे बंदुकीसारखा दांडा आणि घोडा लावलेल्या धनुष्याबद्दल, तर तो बोलायचाच नाही, रॉलीच्या क्रॉसबोकडे बघून नुसतं नाक मुरडायचा. धनुष्य ओढतो तो पुरुष, आणि घोडा दाबतो तो गिऱ्हाईक, असं त्याचं साधं गणित होतं.

मग वसंतात आर्लनचा खांदा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की धनुष्य ओढायचं आता विसरा. नंतर एक दिवस तो गपचूप क्रॉसबो घेऊन आला, आणि बायकोने, मार्लीसने, काही विचारायच्या आत म्हणाला की डॉक्टरांनीच सांगितलंय. जसं काही बाईंनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिला होता.

क्रॉसबोपर्यंत ठीक होतं. खांद्याचं निमित्त होतं, लोकांनी समजून घेतलं असतं. खरी पंचाईत पुढे झाली. बापाची दोन-धारी रुंद पाती तंबाखूच्या डब्यात तेल लावून ठेवलेली होती. ती त्याने बाणाला लावली आणि कोठाराच्या मागे फोमच्या गठ्ठ्यावर नेम धरला. क्रॉसबोचा बाण पिसाटासारखा सुटतो. त्या वेगात बापाच्या रुंद पात्याला वारा लागला, ते पंखासारखं वागायला लागलं, आणि बाण गठ्ठा सोडून मार्लीसच्या भोपळ्यांत घुसला. दुसरा कोंबड्यांच्या खुराड्यात. तिसऱ्याचा पत्ताच लागला नाही. अरुंद पाती लावून, बाण तपासून, दोऱ्या बघून हे सुधारता आलं असतं, दुकानातल्या कोणीही सांगितलं असतं. पण आर्लन आयुष्यभर दुकानातल्यांना शिकवत आला होता. आता विचारणार कोणत्या तोंडाने?

शेवटी तो ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा लांबच्या गावी गेला आणि उघडणारी पाती घेऊन आला. लाल रंगाची, थेट रॉली वापरतो तीच. त्यातलं पहिलंच गठ्ठ्याच्या मधोमध लागलं. दुसरं त्याच्या शेजारी. आर्लनला इतका राग आला की त्याने गठ्ठ्याला लाथ मारली.

मार्लीस भोपळ्यातून बाण काढत होती. तिने लाल पातं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“रॉलीला सांगणार आहेस?” तिने विचारलं.

“वेळ आल्यावर,” आर्लन म्हणाला.

रॉलीचं कॅम्पवरचं ते शेवटचं वर्ष होतं. बायकोचा दमा वाढला होता, घर विकलं होतं, आणि नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की ती दोघं अॅरिझोनाला लेकीकडे कायमची जाणार होती. तिथे वाळू आहे, निवडुंग आहे, रॉलीचा कॅम्प नाही. जायच्या आधी त्याला एकच गोष्ट हवी होती. तीन वर्षं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात एक दांडगा नर हरीण दिसत होता. रॉलीने त्याचं नाव शेरीफ ठेवलं होतं, कारण तो रोज गस्त घातल्यासारखा फिरायचा आणि वेळेवर कधी हजर नसायचा. रॉली त्याचे फोटो नातवंडांच्या फोटोंच्या आधी दाखवायचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नर माद्यांच्या मागे वेडे होऊन फिरतात तेव्हा, तिघे कॅम्पवर गेले. पहिल्याच सकाळी आर्लनच्या मचाणाखालून शिंगांना आठ टोकं असलेला एक चांगला नर आला. आर्लनने घोडा दाबला. नर थोडं पळाला आणि फर्नमध्ये कोसळला. बाण आरपार जाऊन मागे मातीत रुतला होता, पातं सताड उघडं, लाल. आर्लनने खाली उतरून आधी हरणाकडे नाही, बाणाकडे धाव घेतली. तो एका पोकळ ओंडक्यात कोंबला, वर पाला सारला, आणि मगच हाक मारली.

वेनोने हरणाच्या बरगडीतल्या चिरेत दोन बोटं घातली, मग तिसरंही घातलं. त्याने मान डोलावली. हे उघडणाऱ्या पात्याचं काम असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण मारणारा आर्लन होता.

“बापाचं दोन-धारी,” तो म्हणाला.

आर्लन हो म्हणाला नाही. त्याने फक्त कॉफीचा घोट घेतला. तो तेवढ्यावर थांबला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण रॉली चिरेकडे बघत बसला होता, आणि बघता बघता त्याने विचारलं की क्रॉसबोवरून ही जुनी पाती सरळ जातात? आणि आर्लनच्या तोंडून, चाळीस वर्षांच्या सवयीने, निघून गेलं, “आमचा बाप उगाच घासत बसायचा नाही.”

रॉलीने आपला पात्यांचा डबा बंद केला. त्या संध्याकाळी मिरचीचं कालवण खाऊन झाल्यावर तो आर्लनच्या शेजारी येऊन बसला आणि एखाद्याकडे मुलगी मागावी तसा संकोचत म्हणाला, “शेरीफसाठी त्यातलं एक देशील का? यंदा मला छत्री नको.”

नाही म्हणायला आर्लनकडे एकच कारण होतं, आणि ते ओंडक्यात होतं. त्याने बापाचा डबा काढला, पातं पुसून दिलं आणि म्हणाला, “उद्या आधी एकदा गठ्ठ्यावर मारून बघ.”

“फोमवर मारलं की धार जाते,” रॉली हसला. “तूच सांगतोस ना?”

आर्लनच सांगायचा. इतकी वर्षं इतक्या ठामपणे सांगितलेलं वाक्य मागे घ्यायचं तर सगळंच मागे घ्यावं लागलं असतं. तो झोपायला गेला. झोप आली नाही, हे सांगायला नको.

शेरीफ दोन दिवसांनी आला. सकाळचं कोवळं ऊन, पानं गळालेली, रॉलीच्या मचाणापासून अंतर असं की डोळे मिटून मारावं. रॉलीने डोळे उघडे ठेवून, श्वास धरून, अगदी जसा मारायला हवा तसा बाण मारला. तो शेरीफच्या पाठीवरून गेला आणि बर्चच्या खोडात घुसला. शेरीफने त्या बर्चकडे पाहिलं, शेपटी वर केली आणि गस्तीवर निघून गेला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

त्या संध्याकाळी रॉली जेवला नाही. माझाच हात हलला, एवढंच तो परत परत म्हणत होता. मग स्वतःच उठला, शर्ट बाहेर काढला आणि पाठ करून उभा राहिला. “काप,” तो म्हणाला. “शेवटचं आहे, मोठं काप.”

आर्लनने कात्री हातात घेतली, उघडली, मिटली. त्याने कात्री टेबलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. भोपळे, खुराडं, लांबचं गाव, ओंडका, सगळं. हात तुझा हलला नाही, पातं हललं, आणि ते हलणार हे मला ठाऊक होतं, असं तो म्हणाला. खिशातून एक लाल पातं काढून टेबलावर ठेवलं. त्याला इतकी लाज वाटत होती की शेगडीकडे बघून बोलावं लागलं.

वेनोने ते पातं उचललं, उलटसुलट केलं आणि रॉलीचा डबा उघडून त्यातल्या पात्यांशेजारी ठेवलं. अगदी तेच, म्हणजे इथूनच उचललेलं, असं त्याने ठरवलं. त्याने आर्लनच्या पाठीवर थाप मारली.

“चांगला माणूस आहेस,” वेनो म्हणाला. “पण खोटं बोलता येत नाही तुला.”

आणि रॉलीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझी चूक कोणी अशी अंगावर घेतली नाही, तो म्हणाला, आणि तेही तू, तू तर माझी चामडी सोलायचास. त्याने आर्लनला मिठी मारली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर. आर्लन ओरडून सांगत होता की अरे खरंच, चला, ओंडका दाखवतो. पण जितकं तो सांगे तितका तो त्यांना मोठ्या मनाचा वाटे. वेनो म्हणाला, बस आता, नाटक फार झालं. शेवटी कात्री वेनोनेच चालवली. रॉलीचं शेपूट गोधडीत गेलं. आर्लनचा खिळा मोकळाच राहिला, आणि आता तर त्याला तेजोवलयच आलं.

आर्लन घरी पोचायच्या आत रॉलीचा बहिणीला फोन येऊन गेला होता. मार्लीस दारातच उभी होती, हातात स्वयंपाकघरातली कात्री.

“माझा भाऊ म्हणतो, माझा नवरा संत आहे,” ती म्हणाली. “उलटा फिर.”

आर्लन फिरला. तिने हिरव्या-काळ्या चौकटीचा शर्ट जवळजवळ कमरेच्या वरपर्यंत कापला, आणि थंड कात्री पाठीला लागली तरी तो हलला नाही. कापड त्याच्या हातात देऊन ती आत निघून गेली.

रॉलीची गाडी भरून निघायची वेळ झाली त्या सकाळी आर्लन त्याच्याकडे गेला. बायको आधीच बसली होती, मागे गाद्या आणि खोकी. आर्लनने खिडकीतून ते कापड रॉलीच्या हातात दिलं. रॉलीने चौकट ओळखली. आधी हसला, अजून चालूच आहे का तुझं, असं काहीतरी म्हणाला. मग कापडाची कड पाहिली, अगदी सरळ, शिवणाऱ्या बाईच्या हाताची.

“हे कोणी कापलं?”

“तुझ्या बहिणीने.”

रॉलीचं हसू गेलं. लहानपणापासून तो मार्लीसला ओळखत होता. दया म्हणून चांगला शर्ट फाडणारी ती बाई नव्हती.

“म्हणजे शेरीफ माझा होता,” रॉली म्हणाला.

“तुझा होता.”

आर्लनला वाटलं, आता रॉली शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण रॉलीने कापडाची नीट घडी केली आणि खिडकीतून परत त्याच्या हातात ठेवली.

“मग हे मला कशाला देतोस?” तो म्हणाला. “याची जागा कॅम्पच्या भिंतीवर आहे. वेनोला घेऊन जा, आणि ओंडका दाखव.”

त्याने काच वर केली. गाडी वळली, पेट्रोल पंपाच्या पलीकडे दिसेनाशी झाली. आर्लन तिथूनच वेनोच्या घरी गेला, आणि म्हातारा बूट चढवेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहिला. बाहेर येताना वेनोने सवयीने हातोडी घेतली होती. आर्लनने ती परत ठेवायला लावली. खिळा बापाने ठोकून ठेवलेला होता.