विंडोजनं नाकारलेला मी

मी गोरक्ष फोटोवाल्याच्या घरातला कॉम्प्युटर. आज मला बोलू द्या, मधे तोंड घालू नका. आजवर लोकांनी माझ्याबद्दल लई बोलून घेतलंय.

माझा जन्म नगरच्या एका दुकानातला. सुटे भाग जोडून मला उभा केला आणि वरून काळा पत्र्याचा डबा चढवला. गोरक्षनं मला टेम्पोतून राहात्याला आणलं, हार घातला, नारळ फोडला. तेव्हापासून तालुक्यातली लग्नं माझ्या पोटात आहेत. हळदी, साखरपुडे, मांडवातले रुसवे, पंगतीत डोळा चुकवून तिसरी जिलबी उचलणारे मामा, सगळे! कुणाची आई वारली की घरचे स्टुडिओत धावत येतात, दहाव्याच्या फ्लेक्सला फोटो पाहिजे म्हणून. म्हातारीचा एकटीचा फोटो कुणी काढलेलाच नसतो. मग पुतण्याच्या हळदीतून तिचा चेहरा मीच शोधून देतो. जिवंतपणी तिचा एक फोटो काढायला तुमचं काय जात होतं हो?

पुढं दुकानात लॅपटॉप आला आणि मला घरी फ्रिजशेजारी बसवलं. माझ्या डोक्यावर कधी लोणच्याची बरणी, तर हिवाळ्यात ऊब लागते म्हणून मांजर. तरी कुणाला जुना फोटो लागला की यायचे माझ्याकडंच.

मग जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले. नवी टाकायला गेले, तर तिनं मला स्थळ बघायला आल्यासारखं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नापसंती कळवली. प्रोसेसर जुना म्हणे! चहा उकळेपर्यंत अख्ख्या लग्नाचे फोटो उघडून दाखवतो मी, आणि मी जुना?

गोरक्षचा थोरला ओम सुप्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आण्णा, देऊन टाका भंगारात. न्हाईतर हाय तीच विंडोज राहू द्या. चालू हाय ना?"

चालू हाय ना! या तीन शब्दांवर आमचा निम्मा जिल्हा चालतो.

धाकटी निकिता मात्र ऐकेना. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली. "जुनी विंडोज म्हंजे कडी नसलेलं दार. एक व्हायरस शिरला तर आण्णांचे सगळे फोटो जातील. याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. फुकट हाय आन् जुन्या मशिनवर पळतं. घरातच सर्व्हर होईल, दुकानातून, मोबाईलवरून कुठूनबी फोटो बघा."

"आन् बिघडलं तर? राहात्यात लिनक्सवाला एक दाखव मला," ओम म्हणाला.

"मी हाय की."

ओम हसला. "तू उद्या सासरी गेल्यावर?"

गोरक्ष खाली बघायला लागला. त्याची उभ्या आयुष्याची मेहनत माझ्या पोटात, आणि ती सांभाळायला कुणीच नाही, असं त्याचं तोंड झालं. माझा तर पंखा गरगरायला लागला. अरे, पोरगी जायची तेव्हा जाईल, तिचं शहाणपण आजच का घराबाहेर काढताय? हात असते तर बरणीच भिरकावली असती मी!

तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या पुष्पावतीबाई बोलल्या. गोरक्षची बायको. "ती जाईल सासरी. मी तर आलेलीच हाय. मी कुठं जातीय आता? निके, मला शिकव."

"आई, तुला काय जमणार?" ओमनं विचारलं.

"दुकानात पासपोर्ट फोटो कोण काढून देतं इतकी वर्षं? तुझा बाप तर लग्नांमागं फिरत असतो!"

फोटोंची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून झाली आणि माझ्यात लिनक्स चढलं. निकितानं नुसतं तोंडानं सांगायचं, बटणाला हात लावायचा नाही, ही अट बाईंचीच. दर बटणाला पिठाचं बोट लागत होतं. माझी काही तक्रार नव्हती.

निकिता लग्न होऊन देवळाली प्रवरेला गेली. त्यानंतर एका दुपारी लाईट झटक्यात गेली, आली, परत गेली. शेवटी ती आली, पण मी काही उठेना. गोरक्ष घाबरला. "निकीला फोन लावतो."

"तिला तिचा संसार हाय. थांबा जरा."

बाईंनी काढून ठेवलेली स्क्रीन मला जोडली. काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचली. डिस्क तपासायचा हुकूम टाईप केला, तो चुकला. मला एक सणसणीत शिवी बसली. दुसऱ्यांदा बरोबर आला आणि मी उठलो.

संध्याकाळी ओमचा फोन आला, बाईंनीच उचलला. "बंद पडलं म्हने तुमचं लिनक्स?"

"पडलं हुतं. चालू केलं."

"कुनी?"

"मी."

बाईंनी फोन ठेवला आणि तवा चुलीवर चढवला.

माझीही डिस्क एक दिवस झिजणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा खुशाल दुसरा डबा आणा. फक्त त्यात काय टाकायचं ते सुप्याला फोन करून विचारू नका. बाई घरातच आहेत.