अहवालातलं एक वाक्य

काशिनाथ घाटे यांनी दिल्लीहून आलेल्या पत्राला दाभणानं भोक पाडलं, त्यातून फाइलीची फीत ओवली आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक्केचाळीस हा पानाचा आकडा घातला. रविवारची सकाळ होती. कचेरीतलं काम ते घरच्या चटईवर बसून करत होते, एवढाच फरक.

"काय म्हणतात?" स्वयंपाकघरातून रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"विचाराधीन."

"मागच्या वेळीही तेच होतं."

"सातही वेळा तेच आहे," ते म्हणाले आणि फीत इतकी आवळली की पुठ्ठा वाकला.

उदय, त्यांचा एकुलता मुलगा, विमान कंपनीत मेकॅनिक होता. आठ महिन्यांपूर्वी एका परक्या देशातून निघालेलं त्याचं विमान तासाभरात समुद्रात पडलं. एकोणीस माणसं गेली, त्यांत तोही. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत मेकॅनिकनं हलगर्जीपणा केला असं प्राथमिक अहवालात आलं, आणि वर्तमानपत्रांनी ते नावानिशी छापलं. मागाहून उदयचा सोबती विजय यानं कळवलं, की पाण्यातून वर काढलेल्या पंखाचा पत्रा आतून बाहेर फाटलाय, आणि त्यात घड्याळाची दातेरी चक्रं रुतलेली सापडली आहेत. तिथं घड्याळ असायचं काही कारणच नाही. त्या पत्राची नक्कल काढून काशिनाथरावांनी दिल्लीला धाडली. ती विचाराधीन होती.

नागपूरची राजधानी मोडली तेव्हा सचिवालयाच्या फायली आणि काशिनाथरावांसारखी माणसं एकाच गाडीनं भोपाळला आली होती. इथल्या नव्या क्वार्टरांतल्या मराठी घरांनी मिळून एक छोटं राममंदिर उभं केलं होतं. दर गुरुवारी तिथं नीळकंठबुवांचं कीर्तन असे. ती बातमी छापून आली त्या आठवड्यात मंदिराच्या मंडळाच्या चिटणिसांनी बुवांच्या हाती चिठ्ठी दिली, विमानातल्या अठरा मृतात्म्यांसाठी प्रार्थना करावी म्हणून. बुवांनी चिठ्ठी वाचली, कमरेच्या उपरण्यात खोचली आणि म्हणाले, अठरा नव्हे, एकोणीस. देवाकडची हजेरी निराळी असते. मग टाळावर ठेका धरून त्यांनी सगळ्या सभेकडून एकोणीस वेळा रामनाम म्हणवून घेतलं. शेवटच्या नामाला आपणहून आवाज चढला. घरी येताना रत्नप्रभाबाई वाटभर डोळे पुसत होत्या. काशिनाथराव एवढंच म्हणाले होते, की बुवांच्या म्हणण्यानं अहवाल बदलत नसतो.

दहाच्या सुमाराला दारात सरकारी मोटार थांबली. घाटेसाब का मकान यही है ना, असं ड्रायव्हरनं शेजारी विचारलं, आणि मागून शांताराम बिवलकर उतरले. बारा वर्षांपूर्वी नागपूरच्या सचिवालयात शिकाऊ अधिकारी म्हणून आले असताना मसुदा कसा लिहावा हे ते काशिनाथरावांकडूनच शिकले होते. आता दिल्लीला परराष्ट्र खात्यात होते. नव्या कारखान्याची जागा पाहायला परदेशी पाहुणे आले होते, त्यांच्यासोबत आले होते. विमान ज्या देशातून उडालं, त्याच देशाचे पाहुणे.

त्यांनी वाकून दोघांना नमस्कार केला. चहा येईपर्यंत भोपाळच्या हवेविषयी बोलले. बाई आत गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला.

"काका, ती चक्रं खरी आहेत."

काशिनाथरावांनी फाइल पुढ्यात ओढली.

मग शांतारामांनी सगळंच सांगितलं. बाँब तिथल्याच विमानतळावर ठेवला गेला. कोणी ठेवला याचाही अंदाज आहे. पण कारखान्याची यंत्रं त्या देशाकडून यायची आहेत, तांदूळही यायचा आहे, आणि महिनाअखेर करारावर सह्या आहेत. घातपात म्हटलं की कोणी केला हे विचारावं लागतं. विचारलं की तिकडचे लोक उठून जातात.

"आज आपल्याला ते परवडत नाही, काका."

"आणि माझा मुलगा परवडतो?"

शांतारामांनी रिकामा कप खाली ठेवला. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अंतिम अहवाल परवा छपाईला जाणार होता. हलगर्जीपणाचं वाक्य ते काढून घेऊ शकत होते, मात्र त्या जागी दोन्ही बाजूंना चालेल असं वाक्य हवं होतं, आणि काशिनाथरावांचे अर्ज थांबायला हवे होते.

"तीन मसुदे फाडले मी," ते म्हणाले. "जमत नाहीये."

कागद चटईवर पडून राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. तीस वर्षं काशिनाथरावांपुढे लंगडं वाक्य आलं की त्यांचा हात गप्प बसत नसे. त्यांनी चष्मा लावला. दोन शब्द खोडले. मग चिडल्यासारखं म्हणाले,

"दोष नाही, हे आधी घ्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तेच आधी भरलं पाहिजे. एवढंही कळू नये?"

"चुकलंच, काका."

काशिनाथरावांनी खाली नवं वाक्य लिहिलं. मेकॅनिकच्या तपासणीत कोणताही दोष आढळला नाही. उपलब्ध पुराव्यावरून अपघाताचे कारण निश्चित करता येत नाही. लिहून झाल्यावर पेन्सिल मागे फिरली आणि 'अपघात' या शब्दावर येऊन थांबली. शांताराम श्वास रोखून पाहत होते.

"राहू दे," काशिनाथराव म्हणाले.

शांतारामांनी वाक्य दोनदा वाचलं. असं लिहिणारा अख्ख्या दिल्लीत कोणी नाही, असं म्हणून त्यांनी कागद जपून खिशात ठेवला. मोटार वळून दिसेनाशी झाली.

रत्नप्रभाबाई दारात येऊन उभ्या होत्या. काशिनाथरावांनी ते वाक्य त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं.

"उदय सुटला," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या,

"आणि बाकीचे अठरा?"

"म्हणजे?"

"त्यांच्या घरीही कोणी असेल ना विचारणारं, आमचं माणूस कशानं गेलं म्हणून."

काशिनाथराव चष्म्याच्या काड्या मिटू लागले. एक नीट मिटेना.

"त्यांना छापील प्रत जाईल," ते म्हणाले.

त्या चटईपाशी आल्या. मग वाकून दोन्ही कप उचलले. एक रिकामा होता. दुसऱ्यातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.