दोन नंबरच्या कॉम्प्युटरचा विटाळ

सातपूरच्या त्या गल्लीत गुरुवारी सकाळी अकरा वाजता एवढी गर्दी झाली, की भाजीवालीला हातगाडी वळवायला जागा उरली नाही. कशासाठी गर्दी? तर शेखरच्या सेवा केंद्रातल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरमध्ये देव येणार होता. हो, कॉम्प्युटरमध्येच! दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म सगळं बाजूला ठेवून माणसं चपला बाहेर काढून हात जोडून उभी होती. गोदाकाठी बुवा-बाबांचा काय दुष्काळ पडला होता, म्हणून आता हे नवं?

आत ट्यूबलाइट विझवलेली, काचेच्या दाराला पडदा ओढलेला. टेबलावर कॉम्प्युटरचा डबा लोकांकडे पाठ करून ठेवलेला, आणि मॉनिटरवर भगवं उपरणं. शेजारच्या पाटावर मल्हारी महाराज बसले होते. कपाळभर भस्म, गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

"ऐका रे भक्तांनो," महाराजांनी डोळे मिटले, "वरचा सर्व्हर कधी डाउन नसतो. डाउन होतं ते तुमचं आचरण! यंत्राच्या पाठीत मूलाधार असतो. तिथं विटाळ लागला की तेज निघून जातं. मग नेट कुठून येणार?"

"अगदी खरं, महाराज," सोमनाथ म्हणाला. एक नंबरच्या कॉम्प्युटरवर बसणारा ऑपरेटर तो. महाराजांना शोधून आणलं त्यानेच. हातात आरतीचं ताट, ताटाखाली घडी केलेला नॅपकिन, चेहऱ्यावर भक्ती नुसती निथळत होती.

कोपऱ्यात संजना उभी होती. दोन नंबरचा कॉम्प्युटर तिचा. डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी ती इथे लागली. घरात आई आणि शिकणारा भाऊ, कमावती ही एकटी. आज तिचा निवाडा होता, आणि तो कोण करणार? तर हा भस्म फासलेला माणूस!

झालं होतं असं. दसऱ्यापासून दोन नंबरचं नेट मधूनच जायला लागलं. बाकीचे कॉम्प्युटर ठणठणीत. संजनाने तेव्हाच नेटवर्क कार्ड तपासायचा प्रोग्राम चालवून पाहिला होता. कार्ड चांगलं होतं, दोष वायरीच्या बाजूला होता. ती शेखरला म्हणाली, "दादा, मागची पिन काढून बघू द्या."

"अजिबात नाही," शेखर म्हणाला. "खंडेनवमीला पूजा केलीय मी त्याची. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. आमच्या वडिलांच्या लेथला दिवाळीपर्यंत फडकं लागत नसे."

आणि मग हे महाराज अवतरले. पहिल्याच गुरुवारी त्यांनी डबा फिरवून घेतला (महाराजांनी हलवलेला चालतो!) आणि डोळे मिटून सांगितलं, की या यंत्रावर बसणारी बाई चार दिवस पाळत नाही. झालं! शेखरने भिंतीवरच्या कॅलेंडरवर संजनालाच तिच्या चार तारखांना लाल गोल काढायला लावले. दाखल्यासाठी येणारा प्रत्येक बाप्या ते गोल बघून जायचा. कुणी हसायचं, कुणी उगाच मान खाली घालायचं. ते चार दिवस तिने बाहेर स्टुलावर बसून काढले. गुरुवारच्या विधीलाही तिला आत मज्जाव होता, दोषी माणसाची सावली नको म्हणून. आज निवाड्यासाठी तिला पहिल्यांदाच आत घेतलं होतं.

विटाळ हा शब्द संजनाच्या घरात नवा नव्हता. हाच शब्द तोंडावर फेकून तिच्या आजोबांना गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. नातीला आता कॉम्प्युटरवरून हाकलत होते. गोल काढले त्या रात्री ती जेवली नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून एक काम तिने न चुकता केलं. नेट ज्या दिवशी जाईल, त्या तारखेवर निळ्या पेनाने एक ठिपका.

"बघा!" महाराज गरजले. त्यांनी डब्याच्या पाठीतली नेटची वायर उपटली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. "वायर नाही! आता येणार तो थेट वरून. ॐ ह्रीं क्लीं नेटाय फट् स्वाहा!"

सोमनाथने ताट ओवाळलं. आणि डब्याच्या पाठीवरचा बारीकसा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"अगं बया!" गिरणाऱ्याहून नातवाच्या दाखल्यासाठी आलेल्या कुसाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. "वायर नाय अन् दिवा लागला! लय जागृत हाय वो!"

"मल्हारी महाराज की जय!" गल्ली दणाणली.

संजनाने हा चमत्कार आज पहिल्यांदाच पाहिला. पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओठ घट्ट मिटून ती मनात सेकंद मोजत राहिली.

दिवा विझला. महाराजांनी तिला पुढे बोलावलं. "ठेव हात यंत्रावर."

तिने हात ठेवला. महाराजांनी तोच मंत्र म्हटला. ताट या वेळी हललं नाही. दिवाही लागला नाही.

"पाहिलंत? देवाने तोंड फिरवलं!" महाराज उसासले. "शेखर, इथे सात्त्विक मुलगा बसव. सोमनाथचा मेहुणा आहे, चांगला संस्कारी आहे."

शेखरने संजनाकडे न बघताच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. माझाही नाइलाज आहे गं."

काय हे शब्द! नाइलाज म्हणे. भेकडाला नाइलाज फार लवकर होतो.

संजनाने हात जोडले. "महाराज, जाता जाता मला एकदा दर्शन होऊ द्या. मी लांब उभी राहते. परत बोलवा देवाला."

स्तुतीला कोणता बुवा नाही म्हणतो? मंत्र झाला, ताट ओवाळलं, दिवा लुकलुकला. संजना मोठ्याने मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." लोक तिच्याकडे बघायला लागले. "...तेरा, चौदा, पंधरा." दिवा विझला.

"मघाशीही पंधराच झाले होते," ती म्हणाली. "तुमचा देव पंधरा मोजून दमतो का हो, महाराज?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज काही बोलायच्या आत तिने मॉनिटरवरचं उपरणं ओढलं. पडद्यावर नेटवर्क कार्डाच्या तपासणीचा प्रोग्राम उघडा होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: दिव्यांची चाचणी पूर्ण.

"कार्डाचा दिवा चालू आहे की गेलाय हे बघायला ही चाचणी असते. बटण दाबलं की वायर नसली तरी दिवा पंधरा सेकंद लुकलुकतो. मीच दाखवली होती रे तुला, सोमनाथ, हौसेने!"

सोमनाथ मागे सरकला. तिने त्याच्या ताटाखालचा नॅपकिन खेचला. आतून बिनवायरीचा माउस टेबलावर पडला.

"कुसाबाई, पुढे या. हे बटण दाबा. मंत्र नको, काही नको."

कुसाबाईंनी घाबरत घाबरत बोट टेकवलं. दिवा लुकलुकायला लागला.

"आता गं बाई!" कुसाबाई त्या दिव्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे मी बी म्हाराज झाले का काय?"

सगळी खोली खदखदून हसली. "ही माया आहे! यंत्रमाया!" असं काहीतरी पुटपुटत मल्हारी महाराज उठले आणि उपरणं न घेताच पडद्याआडून सटकले. सोमनाथलाही जायचं होतं, पण दारात कुसाबाई उभ्या होत्या.

"पण नेट जातं ते खोटं नाही ना!" शेखर चिडून म्हणाला. "त्याचं काय?"

"तीच तर तपासणी तुम्ही करू दिली नाहीत." संजना खुर्चीत बसली. "ही पहिली चाचणी. कार्ड स्वतःशीच बोलतं आणि स्वतःच ऐकतं. बघा, पास. म्हणजे कार्ड धडधाकट. आता वायर लावते. ही वायरीची चाचणी." पडद्यावर लाल फुली आली. "नापास. आता मागे बघू."

तिने कॉम्प्युटर बंद करून ट्यूबलाइट लावली, मोबाइलचा टॉर्च डब्याच्या पाठीवर धरला आणि शेखरला वाकायला लावलं. पिन बसते त्या भोकात हळद-कुंकवाचा चिखल वाळून घट्ट झाला होता. त्यात नारळाच्या पाण्याचा ओघळ आणि अक्षतांचा एक दाणा.

"कोणी घातलं हे आत?" तिने विचारलं.

खंडेनवमीला डबाभर कुंकू उधळून वर नारळाचं पाणी शिंपडणारा हात शेखरचाच होता.

संजनाने जुना टूथब्रश आणि स्पिरिट मागवलं. भोक साफ केलं, वाळू दिलं, कॉम्प्युटर सुरू करून वायर लावली. चाचणी पास. नेट धावायला लागलं.

"चुकलंच माझं," शेखर घसा खाकरून म्हणाला. "जाऊ दे आता, झालं गेलं विसर. उद्या ये."

"विसर?" संजनाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "किळस येते मला तुमची, दादा! त्या बुवाचा धंदाच तो. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही माझ्या शरीराच्या तारखा भिंतीवर टांगल्यात!"

तिने कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. "हे निळे ठिपके बघा. नेट सात वेळा गेलं. सहा ठिपके लाल गोलांच्या बाहेर आहेत. सातवा आत आहे, आणि त्या दिवशी मी बाहेर स्टुलावर होते. कॉम्प्युटरवर कोण होतं? सोमनाथ. सातपर्यंतच मोजायचं होतं, दादा. ते तरी करायचं!"

कुसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आमीबी हात जोडले गं पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "काय बी इचारलं नाय."

हेच तर आहे सगळं! दिवा लागला की हात जोडण्याआधी वायर बघावी, कापडाखाली काय आहे ते विचारावं, बोटांवर मोजावं. एवढं केलं तर कुठलाही महाराज दुसऱ्या गुरुवारी टिकत नाही. आणि विटाळ शोधायचाच असेल, तर तो आधी आपल्या डोक्यात शोधावा.

संजनाने लाल पेन घेतलं आणि खंडेनवमीच्या तारखेभोवती मोठा गोल काढला. कॅलेंडर शेखरच्या हातात दिलं.

"होतं तिथेच लावा. महिना संपेपर्यंत काढायचं नाही. कुणी विचारलं हा गोल कशाचा, तर तुमच्या तोंडाने सांगायचं."

शेखरने मान खाली घालून खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं. संजनाने खुर्ची पुढे ओढली.

"कुसाबाई, या. नातवाचं पूर्ण नाव सांगा."